व्यसनाधीन बंधु आणि आपला धर्मग्राम

(ज्युबिलीच्या तयारीच्या दिवसांत धर्मग्रामवासीयांपुढें दिलेलें व्याख्यान)



ज्युबिली म्हणजे आनंदोत्सव, हें आपण सर्व जाणतां. परंतु हा शब्द ज्या जुन्या करारांतून आला तेथें त्याचा अर्थ केवळ उत्सव एवढाच नाहीं. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणें पन्नासाव्या वर्षीं रणशिंग वाजे, विकली गेलेली वडिलार्जित जमीन मूळ कुटुंबाकडे परत जाई, आणि कर्जापायीं दुसऱ्याच्या घरीं राबणारा मनुष्य आपल्या बायकामुलांत परत येई. दास सुटल्यावांचून ज्युबिली पुरी होत नसे. आपल्या मंदिरास नवा रंग लागला, मांडव उभा राहत आहे, पाहुण्यांना निमंत्रणें गेलीं. हें सर्व योग्यच झालें. पण आपल्याच घरांतून जे कित्येक जण आज दास्यांत आहेत त्यांच्या सुटकेचा विचार न करतां हा सण साजरा करणें मला तरी जड वाटतें. हें दास्य बाटलीचें आहे, पुडीचें आहे, चिलमीचें आहे, आणि अलीकडे गोळीचें व भुकटीचेंहि आहे.

आपला वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यांतून वेगळा निघाला. त्या वर्षीं जन्मलेलें मूल आज पंचविशी ओलांडून गेलें आहे. त्याच्या आजोबांच्या कमरेस तंबाखूची चंची असे, आणि फार तर होळीला भांग घोटली जाई. त्याच्या बापानें मोहाची दारू आणि सरकारमान्य देशी दारू पाहिली. त्या मुलापुढें मात्र अख्खें दुकान मांडलें आहे: खर्रा, गुटखा, गांजा, खोकल्याच्या औषधाची बाटली, झोपेच्या गोळ्या, पंक्चरवाल्याचें सोल्युशन, आणि मोठ्या शहरांतून येणारी एम. डी. नांवाची भुकटी. या भुकटीचें रासायनिक नांव मेफेड्रोन. ती २०१५ सालीं मादक पदार्थांच्या कायद्याखालीं आली. तरी २०२४ च्या फेब्रुवारींत पुण्याच्या पोलिसांनीं दौंड तालुक्यांतील कुरकुंभच्या कारखान्यावर छापा घातला तेव्हां तेथें ती शेंकडों किलोंनीं सांपडली. कुरकुंभ आपल्यापासून दूर आहे असें म्हणून कोणीं निर्धास्त राहूं नये. समृद्धि महामार्ग आपल्याच कारंजा व मालेगांव तालुक्यांतून जातो, आणि आपलीं मुलें शिक्षणासाठीं व नोकरीसाठीं पुण्यासच जातात.

पण दूरच्या भुकटीविषयीं मोठ्यानें बोलावें आणि जवळच्या खर्र्याविषयीं मौन धरावें, ही आपली जुनी खोड आहे. विदर्भांतल्या माणसास खर्रा काय तें सांगावें लागत नाहीं. सुपारीचे तुकडे, तंबाखू व चुना प्लास्टिकच्या कागदांत घेऊन घोटीत बसलेला पानठेलेवाला बसस्थानकापासून शाळेच्या कोपऱ्यापर्यंत सर्वत्र दिसतो. मजूर खर्रा खातो तो भूक मारण्यासाठीं. शिक्षक खातो तो संवयीनें. स्त्रियाहि खातात, आणि शाळकरी मुलें चाखून पाहतात. राज्य सरकारनें २०१२ च्या जुलैंत गुटख्यावर बंदी घातली. त्या बंदीचें पुढें काय झालें हें आपणांपैकीं ज्यांचे खिसे भरलेले असतात त्यांनींच सांगावें. तंबाखू तर सोडाच, नुसती सुपारीहि कर्करोग उत्पन्न करते, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २००४ सालीं प्रसिद्ध केला आहे. सुपारी चघळणाऱ्याच्या गालाची आंतली त्वचा हळूहळू पांढरट व ताठर होत जाते. प्रथम तिखट सोसत नाहीं. मग जांभई देतांना तोंड पुरतें उघडत नाहीं. शेवटीं दोन बोटें शिरतील एवढीहि फट राहत नाहीं. हें डॉक्टरांच्या आधीं कित्येकदां धर्मगुरूस दिसतें, कारण ख्रिस्तप्रसाद घेण्यास तोंड उघडावें लागतें. तिशीच्या आंतले तरुण वेदीपुढें ओठ फाकण्यास धडपडतांना मीं पाहिले आहेत. ताठर झालेली ती त्वचा पूर्ववत् होणें कठीण असतें. पण खर्रा सोडला तर रोग पुढें वाढण्याचें थांबूं शकतें आणि कर्करोगाचें भय पुष्कळ कमी होतें. म्हणून तिखट सोसेनासें झालें की त्याच आठवड्यांत दंतवैद्याकडे जावें; तोंड मिटत जाण्याची वाट पाहूं नये.

देशाचा हिशेबहि थोडक्यांत ऐका. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठीं दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेनें केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. १० ते ७५ वर्षें वयाच्या लोकांत शेंकडा १४.६, म्हणजे सुमारें १६ कोटि, दारू पितात. भांग-गांजा घेणारे सुमारें ३.१ कोटि, आणि अफूपासून झालेले पदार्थ घेणारे सुमारें २.२६ कोटि. हुंगण्याच्या द्रव्यांच्या बाबतींत एक विपरीत गोष्ट दिसली: तेथें मोठ्या माणसांपेक्षां लहान मुलांचें प्रमाण अधिक आहे. सोल्युशन स्वस्त असतें, तें विकत घेणाऱ्या मुलाला कोणी हटकीत नाहीं, आणि दारूचा वास येत नसल्यानें आईला उशिरां कळतें. ती वाफ पहिल्यानेंच हुंगणाऱ्या मुलाचेंहि हृदय अकस्मात् बंद पडूं शकतें, ही गोष्ट फारच थोड्या पालकांस ठाऊक आहे.

आतां मुख्य गोष्टीकडे येतों. व्यसनाला आपण दोन नांवें देतों. कोणी त्याला पाप म्हणतो, कोणी रोग म्हणतो. आणि ज्याला जें सोईचें तें तो धरून बसतो. बायको म्हणते पाप, पिणारा म्हणतो रोग, आणि शेजारी दोन्ही म्हणून दार लावून घेतात. ख्रिस्तसभेची शिकवण काय आहे? १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथांत, औषधोपचाराखेरीज मादक पदार्थ घेणें हा गंभीर अपराध होय, असें स्पष्ट सांगितलें आहे. त्याच ग्रंथांत असेंहि सांगितलें आहे की, संवय, भय, अज्ञान अशा कारणांनीं मनुष्याच्या कृत्याची जबाबदारी कमी होते, कधीं कधीं नाहींशीहि होते. सेमिनरींत नीतिशास्त्र शिकतांना हीं दोन वचनें आम्ही वेगवेगळ्या प्रकरणांत वाचलीं. व्यसनी माणसापुढें बसल्यावर तीं एकत्र वाचावीं लागतात. पहिला घोट मनुष्य आपल्या इच्छेनें घेतो. पुढें मेंदूंतील जी रचना देवानें अन्न, अपत्य व स्नेह यांची ओढ लागावी म्हणून दिली, तिच्यावरच तें द्रव्य ठाण मांडतें. मग सुखासाठीं पिणें मागें पडतें. हातांची थरथर थांबावी म्हणून, सकाळीं उठून उभें राहतां यावें म्हणून तो पितो. इच्छा मरत नाहीं, पण ती लंगडी होते. लंगड्यास चालण्याचा उपदेश करणें सोपें आहे. त्याला काठी लागते.

या बाबतींत एका संताची कथा आपणांस सांगितलीच पाहिजे. मार्क जी तियानशिआंग हा उत्तर चीनमधील हेबेइ प्रांतांतला ख्रिस्ती वैद्य, १८३४ च्या सुमारास जन्मलेला. गरिबांस तो फुकट औषध देई. त्याला पोटाचा विकार जडला, आणि त्यावर त्यानें त्या काळच्या रीतीप्रमाणें अफू घेतली. औषध म्हणून आलेली अफू व्यसन होऊन राहिली. त्या शतकांत चीनमध्यें अफू कशी पसरली हें आपण हिंदी लोकांनीं विसरूं नये. बंगालची अफू कलकत्त्याहून आणि माळव्याची अफू आपल्या मुंबईहून जहाजें भरभरून तिकडे जात असे, आणि मुंबईच्या कित्येक धनवंतांच्या वैभवांत त्या व्यापाराचा वांटा होता. चीननें ती रोखूं पाहिली तेव्हां १८३९ पासून त्यावरून लढाई पेटली.

मार्क पापनिवेदनास जाई आणि दर वेळीं तेंच पाप सांगे. अखेर त्याच्या धर्मगुरूनें ठरविलें की, जो पुन्हां पुन्हां तेंच करतो त्याला खरा पश्चात्ताप नाहीं. व्यसन सुटेपर्यंत त्याला पापक्षमा नाहीं आणि ख्रिस्तप्रसादहि नाहीं. तो धर्मगुरु दुष्ट नव्हता; त्या काळीं जेवढें ज्ञान होतें तेवढ्यावर तो चालला. मार्क सुमारें ३० वर्षें संस्कारांवांचून राहिला. पण मंदिरांत येणें त्यानें सोडलें नाहीं, प्रार्थना सोडली नाहीं, आणि अफूहि त्याची सुटली नाहीं. हें मी मुद्दाम सांगतों. कारण संतांच्या कथा सांगतांना आपण शेवट गोड करून देतों. १९०० सालीं बॉक्सरांच्या बंडांत ख्रिस्ती लोकांची धरपकड झाली, तेव्हां मार्कला मुलगा, सुना व नातवंडांसह पकडण्यांत आलें. त्यानें मारेकऱ्यांजवळ एवढेंच मागितलें की, मला सर्वांच्या शेवटीं मारा, म्हणजे माझ्या घरचें कोणीहि एकटें मरणार नाहीं. एकेकाचा शिरच्छेद होत असतां तो पवित्र मरियेची लितानी गात उभा राहिला. तो दिवस ७ जुलै १९००. पोप दुसरे जॉन पॉल यांनीं १ ऑक्टोबर २००० रोजीं चीनच्या इतर हुतात्म्यांबरोबर त्याला संतपद दिलें. ज्याला वेदीवरून ३० वर्षें रिकामें परत पाठविलें, त्याचें स्मरण आज त्याच वेदीवर होतें.

मार्क येत राहिला. आपल्याकडचा मनुष्य येईनासा होतो. पापनिवेदनांत ऐकलेलें मीं बोलणार नाहीं, बोलूंहि शकत नाहीं. पण मंदिराच्या दारांत लोक जें बोलतात तें ऐकण्यास मला बंदी नाहीं. रविवारीं जो उशिरां येऊन मागच्या भिंतीशीं उभा राहतो त्याच्या जवळचा बांक कसा रिकामा होतो, धर्मशिक्षणाच्या वर्गांत त्याच्या लेकराला बापाच्या नांवानें कसें चिडवितात, आणि तो महिनाभर न पितां राहून पुन्हां पडला म्हणजे "मीं म्हटलेंच होतें" असें म्हणतांना कित्येकांस केवढें समाधान होतें, हें सर्व मीं ऐकलें आहे. पुन्हां पडणें हें या रोगाचें लक्षणच आहे. मधुमेहवाल्याची साखर पुन्हां वाढली तर त्याला आपण ढोंगी म्हणत नाहीं. गोळी बदलून घे म्हणतों.

अमेरिकेंत ॲक्रन शहरीं १९३५ सालीं बिल विल्सन आणि डॉक्टर बॉब स्मिथ हे दोघे दारूनें खचलेले गृहस्थ एकत्र आले, आणि आपल्यासारख्याच दुसऱ्या माणसाशीं मोकळेपणीं बोलत राहिल्यानें आपण दारूपासून दूर राहूं शकतों असें त्यांच्या ध्यानांत आलें. त्यांतून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही संघटना निघाली. पण त्या काळीं मद्यप्यास रुग्णालयांत सहसा घेत नसत. त्याच शहरांतील सेंट थॉमस रुग्णालयांत सिस्टर इग्नेशिया नांवाची धर्मभगिनी रुग्ण भरती करण्याचें काम पाही. १९३९ सालीं डॉक्टर बॉबच्या विनंतीवरून तिनें एका मद्यप्याला जठराचा दाह म्हणून नोंद करून आंत घेतलें, आणि त्याला एकांत मिळावा यासाठीं रुग्णांचीं फुलें ठेवण्याच्या खोलींत त्याची खाट लावली. पुढें त्या रुग्णालयांत हजारों मद्यपी उपचारास आले. नीतिशास्त्राच्या काटेकोर दृष्टीनें ती नोंद कशी ठरवावी हा वाद मी आज घालीत नाहीं.

आपल्या महाराष्ट्रांत फादर जो परेरा यांनीं १९८१ सालीं वांद्र्याच्या माउंट कार्मेल मंदिरांत कृपा फौंडेशन सुरू केलें. ते स्वतः या रोगांतून बाहेर आलेले धर्मगुरु, आणि तें त्यांनीं लपवून ठेविलें नाहीं. पुण्यास डॉ. सुनंदा व डॉ. अनिल अवचट या दांपत्यानें १९८६ सालीं मुक्तांगण व्यसनमुक्ति केंद्र उभारलें. या दोन्ही ठिकाणीं मूळ पद्धति एकच: प्रथम शरीराचा उपचार, मग मनाचा, मग कुटुंबाचा, आणि पुढें वर्षानुवर्षें सोबत.

कुटुंबाविषयीं मला अधिक बोलावयाचें आहे, विशेषेंकरून माताभगिनींशीं. मुलगा पितो हें कळल्यावर आपल्याकडे पहिला उपाय कोणता सुचतो? लग्न करून द्या, जबाबदारी पडली म्हणजे सुधारेल. मी आपणांस कळकळीनें विनवितों की, रोग्याचें औषध म्हणून कोणाची लेक आणूं नका. असें लग्न ठरविण्यास माझ्याकडे याल तर मुलाची खरी स्थिति मुलीकडच्यांस सांगितली आहे काय हें मी विचारणार, आणि न सांगितल्यास लग्नाच्या घोषणा वाचणार नाहीं. दुसरा उपाय म्हणजे जाहिरातींतली "दारू सोडविण्याची" पूड नवऱ्याच्या भाजींत गुपचूप कालविणें. त्या पुड्यांत काय असतें हें विकणाराहि सांगत नाहीं. दारूशीं भांडणारीं औषधें डॉक्टर देतात तीं रोग्यास सांगून व तपासून देतात. न सांगतां दिलेल्या अशा औषधावर तो दारू प्याला तर जिवावर बेतूं शकतें. तिसरा उपाय शपथेचा. राखेच्या बुधवारीं क्रुसापुढें शपथ घालून त्याला खोलींत कोंडतात. जो रोज पुष्कळ पितो त्याची दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊं शकतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत भ्रम होऊन, ताप चढून प्राणहि जाऊं शकतो. तेव्हां आधीं डॉक्टर, मग शपथ. अफू-गर्दाच्या रोग्याची गोष्ट उलट आहे. सोडतांना त्याला यातना होतात पण सहसा मरण येत नाहीं. मात्र कांहीं महिने थांबून त्यानें पूर्वीचीच मात्रा पुन्हां घेतली तर श्वास बंद पडून तो जातो. केंद्रांतून परत आलेल्या मुलावर म्हणूनच अधिक लक्ष हवें.

आणि पैसा देऊं नका. त्याची उधारी फेडूं नका, त्याच्या वतीनें कचेरींत "ताप आहे" अशी चिठ्ठी पाठवूं नका. जेवण द्या, कपडा द्या, दवाखान्याचें भाडें स्वतः बरोबर जाऊन भरा. जी बायको नवऱ्याचें दहा वर्षें झांकीत आली तिच्या प्रेमाविषयीं मला शंका नाहीं. पण झांकलेली जखम सडते. तो मारहाण करीत असेल तर सहन करीत राहणें हा क्रूस उचलणें नव्हे. मुलांना घेऊन सुरक्षित ठिकाणीं जावें, पोलिसांत जावें, आणि धर्मगुरु रागावतील ही भीति मनांतून काढून टाकावी.

पोलिसांच्या भीतीनें कित्येक पालक मुलाला उपचारास नेत नाहींत. १९८५ च्या मादक पदार्थांच्या कायद्यांत कलम ६४-अ आहे. केवळ सेवनाचा अथवा अल्प मात्रेचा आरोप असलेला व्यसनी मनुष्य स्वेच्छेनें मान्यताप्राप्त ठिकाणीं उपचार घेण्यास जाईल आणि तो पुरा करील, तर त्याच्यावर खटला चालत नाहीं. विकणाऱ्याला ही सवलत नाहीं. सरकारचा व्यसनमुक्तीचा विनामूल्य दूरध्वनि १४४४६ आहे, आणि मानसिक आरोग्यासाठीं १४४१६. वाशीमच्या जिल्हा सामान्य रुग्णालयांत मानसोपचाराविषयीं विचारण्यांत कांहीं लाज नाहीं.

आतां थोडें आपल्या सणांविषयीं. नाताळ, बारसें, लग्न, इतकेंच काय, मातीहून परतल्यावरसुद्धां बाटली निघते. हटकलें म्हणजे काना गांवच्या लग्नाचें उदाहरण मला ऐकवितात. शास्त्राचा अभ्यास एवढ्या एकाच वचनापुरता झालेला असतो. प्रभूनें पाण्याचा द्राक्षारस केला हें खरें. त्यानें कोणा रोग्याला तो आग्रहानें पाजला असें कोठेंहि लिहिलेलें नाहीं. वेदीवरील द्राक्षारसाच्या बाबतींतहि ख्रिस्तसभा किती सांभाळून वागते पाहा. धर्मगुरूंनाहि हा रोग होतो. अशा धर्मगुरूस बिशपांच्या परवानगीनें, ज्याच्या आंबण्याची क्रिया थांबविली आहे असा द्राक्षरस मिस्सेंत वापरतां येतो, असें व्हॅटिकनच्या २००३ च्या पत्रांत आहे. वेदीवर जर एका रोग्यासाठीं एवढी सोय होते, तर आपल्या मांडवांत सर्वांसाठीं सरबत कां नको? ज्युबिलीच्या जेवणास व यापुढें मंदिराच्या आवारांत होणाऱ्या कोणत्याहि समारंभास दारू येणार नाहीं. पंचमंडळानें हें मान्य केलें आहे. ज्यांना तें पटलें नाहीं त्यांनीं माझ्याशीं बोलावें, आचाऱ्याशीं भांडूं नये.

शेवटीं एक व्यवस्थेची गोष्ट. डब्लिनचा मजूर मॅट टॅल्बट बाराव्या वर्षापासून पीत असे. १८८४ सालीं, वयाच्या २८ व्या वर्षीं, त्यानें दारू न पिण्याचें वचन दिलें तें फक्त तीन महिन्यांचें. तें पार पडल्यावर सहा महिन्यांचें, आणि मग जन्माचें. ७ जून १९२५ रोजीं मिस्सेस जातांना रस्त्यांत त्याला मरण आलें, तोंवर ४१ वर्षें त्यानें थेंब घेतला नव्हता. १९७५ सालीं ख्रिस्तसभेनें त्याला आदरणीय ही पदवी दिली. आपणांपैकीं जे तयार असतील त्यांच्याकडून मीहि जन्माचें वचन मागणार नाहीं. डॉक्टरांना दाखवून घ्यावें, आणि तीन महिन्यांचें वचन द्यावें. मोडलें तर पुन्हां तीन महिन्यांचें.

ज्युबिलीच्या रविवारानंतर येणाऱ्या गुरुवारपासून दर गुरुवारीं संध्याकाळीं सात वाजतां धर्मगुरुनिवासाच्या मागची खोली उघडी राहील. जे पितात, खातात, हुंगतात किंवा टोंचून घेतात त्यांनीं यावें. त्यांच्या घरच्यांसाठीं त्याच वेळीं धर्मभगिनींच्या कॉन्व्हेंटांत बसण्याची सोय आहे. इतर धर्मांचे शेजारी आले तरी चालतील. आंत येण्याचा रस्ता विहिरीकडून आहे, मुख्य फाटकावरून जावें लागत नाहीं. चहा असेल, नांवें लिहून घेतलीं जाणार नाहींत, आणि कोणी पिऊन आला तरी त्याला परत पाठविलें जाणार नाहीं.